बस

आजीचं माहेर दादरचं. तिकडून फणसवाडीला परतली की चाळीचा जिना चढता चढताच शेजारच्या काकूंना सांगायची, ‘बस लगेच आली, बसायला मिळालं, बस, आणखी काय हवं!’ एका दमात तीन ‘बस’. मला तो एकच शब्द वाटायचा. पुढे कळलं, तिच्या जिभेवर तीन वाटा येऊन मिळत होत्या.

बसणं आपल्या घरचं. संस्कृतातलं ‘उपविश्’ प्राकृतातून झिजत झिजत ‘बैसणे’ झालं, मग ‘बसणे’. पुरे या अर्थाचं ‘बस’ फारसीतून आलं. गाडी आली इंग्रजीतून, पण इंग्रजीमागे लॅटिन उभी आहे. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये वाटेत कुणालाही चढू देणाऱ्या घोडागाडीला ‘ओम्निबस’ म्हणू लागले. १८२९ साली ती लंडनच्या रस्त्यावर आली. ओम्निबस म्हणजे सर्वांसाठी. लांब नाव लोकांच्या तोंडी तुटलं. ‘ओम्नी’, म्हणजे सर्व, गळून पडलं आणि उरला निव्वळ चतुर्थीचा प्रत्यय.

फणसवाडीतल्या बालाजीच्या देवळाकडून ‘गुरुभ्यो नमः’ कानावर आलं की आता पाऊल थबकतं. त्यातला ‘भ्यः’ आणि लॅटिनचा ‘बस’ एकाच प्राचीन कुळातले भाऊबंद. तिथलं ‘ओम्निबस’ म्हणजे इथलं ‘सर्वेभ्यः’.

मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. ती चालवणारी कंपनी ट्रामही चालवी आणि शहराला वीजही पुरवी. १९४७ साली ती महापालिकेकडे आली. तीच आपली बेस्ट. विजेच्या कामातही ‘बस’ हा शब्द भेटतो. वीज एका जागी घेऊन तिथून अनेक वाटांनी पुढे देणारी धातूची जाड पट्टी असते, तिला वायरमन ‘बसबार’ म्हणतात. हे नावही त्या ‘ओम्निबस’चंच. आजी ज्या गाडीने घरी यायची आणि ज्या दिव्याखाली बसून आम्ही तिची वाट पाहायचो, त्या दोन्हींच्या मुळाशी एकच प्रत्यय होता: ‘-साठी’.

प्रत्ययाला एकट्याने उभं राहता येत नाही. त्याच्याआधी नाम लागतं. संध्याकाळी ठाकूरद्वारच्या थांब्यावर मी रांगेकडे बघत राहतो. फुलांची पुडी जपून धरलेली बाई, पाठीला दप्तर लावलेलं पोर, काठी टेकून उभे असलेले आजोबा. बस येते, रांग एकेक करत आत शिरते, आणि वाटेत गळून पडलेलं ते ‘सर्व’ शब्दात पुन्हा भरून येतं.

आत कुणीतरी जागेवरून उठतं. म्हणतं, ‘आजोबा, बसा.’