ओसाकाला एक संध्याकाळ पुरत नाही

ओसाका,
जून महिना, बाहेर संततधार

प्रिय कुंदा,

तुझ्या सहलीचा कार्यक्रम वाचला. तोक्यो, फुजी, क्योतो सगळं ऐसपैस, आणि ओसाकाच्या वाट्याला एकच ओळ: सायंकाळी दोतोनबोरी येथे फोटो, रात्री मुक्काम, सकाळी विमानतळ. सहलवाल्यांना हे शहर म्हणजे रात्रीपुरती धर्मशाळा वाटते बहुतेक. तुला म्हणून सांगते, ग्रुपला जाऊ दे परत, तू मागे राहा. माझ्या लेकीचं घर लहान आहे, पण तुझ्यापुरती गादी नक्की पडेल.

आता तुझा प्रश्न, तिथे बघायचं काय? खरं सांगू? डोळे दिपवणारं फारसं काही नाही. किल्ला आहे, पण त्याचा मनोरा १९३१ सालचा, सिमेंटचा, वर आत लिफ्ट. हिदेयोशी या सेनापतीने १५८३ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला १६१५ च्या लढाईत पडला. मग सत्ताधारी तोकुगावा घराण्याने नवा उभारला, त्याचा मनोरा १६६५ मध्ये वीज पडून जळाला. त्यानंतर अडीचशेहून जास्त वर्षं किल्ला मनोऱ्याविनाच होता. शेवटी गावाने वर्गणी काढून हा सिमेंटचा उभा केला, त्यामुळे त्याला नावं ठेवलेली इथे चालत नाहीत. मी मनोऱ्याच्या रांगेत जात नाही, तटाचे दगड बघते. साकुरामोन दरवाज्यातून आत शिरलं की समोरच एक अखंड शिळा आहे, शंभर टनांहून जड, चारशे वर्षांपूर्वी ओकायामाच्या बाजूने समुद्रातून आणलेली. तू गड चढलेली बाई, तुला त्या मनोऱ्यापेक्षा हा दगड आवडेल.

बाकी हे गाव मूळचं व्यापाऱ्यांचं. तोकुगावांच्या काळात ठिकठिकाणच्या सरदारांचा तांदूळ बोटींनी इथे यायचा, नदीकाठच्या वखारींत साठायचा आणि इथेच विकला जायचा. दोजिमाच्या तांदूळ बाजाराला १७३० मध्ये सरकारी मान्यता मिळाली. पुढच्या तारखेचे वायद्याचे सौदे तिथे तेव्हापासून चालत. देशाचं स्वयंपाकघर असं या गावाला म्हणत. इथल्या बुनराकू या बाहुल्यांच्या नाटकातसुद्धा राजेरजवाडेच लागतात असं नाही. १७०३ चं चिकामात्सू या नाटककाराचं गाजलेलं ‘सोनेझाकी शिंजू’ घे. त्याचा नायक सोया सॉसच्या दुकानातला नोकर! अशा गावात प्रेक्षणीय स्थळांची यादी घेऊन फिरण्यात अर्थ नाही. पिशवी घेऊन फिरायचं.

दोतोनबोरीला एकदा जाऊन ये. ग्लिकोचा तो धावणारा माणूस १९३५ पासून तिथे हात वर करून पळतोय, त्याच्यासमोर तूही हात वर करून फोटो काढ. गर्दीला कंटाळलीस की मागच्या बोळात होझेनजीचं छोटं देऊळ आहे. तिथल्या फुदोच्या मूर्तीवर येणारा-जाणारा पाणी घालतो, त्यामुळे देव नखशिखांत हिरव्या शेवाळाने मढलाय. फुदो म्हणजे आपल्याकडच्या बौद्धांचा अचल. आपणही पाणी घालावं आणि निघावं. शिन्साइबाशीच्या बाजारात मात्र फार रेंगाळू नकोस. ब्रँडची दुकानं, औषधांची दुकानं आणि आपल्यासारखेच प्रवासी.

खरी मजा तेन्जिनबाशिसुजीला. डोक्यावर छप्पर असलेला एकच सरळ बाजार, लांबी २.६ किलोमीटर, दुकानं सहाशेच्या घरात. जपानमधला सगळ्यात लांब छपरी बाजार हाच. या पावसाळ्यात मी तिथेच पडीक असते. चहाची पत्ती, जुनी पुस्तकं, वापरलेले किमोनो, लाकडी सपाता, मध्येच चष्मेवाला, मध्येच क्रोकेट तळणारा खाटीक, आणि या सगळ्यांतून सायकली दामटणाऱ्या आज्या. दक्षिणेच्या तोंडाला तेनमांगूचं देऊळ आहे. जुलैच्या चोवीस-पंचवीसला त्याची जत्रा असते, नदीतून होड्यांची मिरवणूक निघते. तिथून सुरुवात करून उत्तरेला चालत सुटायचं. टोकाला एका इमारतीच्या वरच्या मजल्यांवर जुन्या ओसाकातली एक अख्खी गल्ली खऱ्या मापात उभी केली आहे. कापडाचं दुकान, औषधवाला, न्हाणीघर, सगळं. किल्ल्यातल्या संग्रहालयापेक्षा मला ते शतपटीने आवडलं.

आणि इथली माणसं बोलतात गं! तोक्योच्या गाडीत लोक तोंड मिटून बसतात. इथे शेजारची आजी पर्समधून लिमलेटची गोळी काढून तुझ्या हातावर ठेवेल, तुला भाषा येवो न येवो. एखाद्या वस्तूचं कौतुक केलंस तर ती किती स्वस्तात पटकावली हे आधी सांगतील. मोठ्या दुकानांत भाव होत नाही, पण लहान दुकानात विचारून बघितलंस तर कोणी तुझा अपमान करणार नाही. फार तर हसतील आणि एखादी वस्तू वर टाकतील.

नाम्बामध्ये दोगुयासुजी नावाची गल्ली आहे, फक्त हॉटेलवाल्यांच्या भांड्याकुंड्यांची. तिथे ताकोयाकीचं बिडाचं पात्र बघितलं आणि मी उडालेच, हुबेहूब आपलं आप्पेपात्र! ताकोयाकी म्हणजे आत ऑक्टोपसचा तुकडा घातलेले गोळे, तुझ्या कामाचे नाहीत. पण पात्र घे. मी त्यात रव्याचे आप्पे केले, खालून छान खरपूस झाले. फक्त वजन बघ, बिडाचं आहे. तिथेच दुकानाबाहेर मांडायचे प्लास्टिकचे पदार्थ मिळतात, नूडल्स, तळलेली कोळंबी, वाफ तेवढी यायची बाकी. किमती ऐकून खरं जेवण परवडलं असं वाटेल.

संध्याकाळी उमेदाला हानक्यू आणि हानशिन या मोठ्या दुकानांच्या तळघरात ने, असं तूच म्हणशील. तळघरभर नुसतं खाणं. बंद व्हायची वेळ आली की कामगार डब्यांवर सवलतीच्या चिकट्या लावत फिरतात, आणि नीटनेटक्या बायका लोणच्याच्या बरणीवरचं लेबल वाचण्याचं नाटक करत त्यांच्या मागे मागे. मीही आता त्यात तरबेज झाले आहे.

तुझ्या शाकाहाराचं मात्र आधीच सांगून ठेवते. ताटात मासा दिसत नाही म्हणजे तो नाही, असं इथे समजू नकोस. रस्सा, उदोन नूडल्सचं पाणी, भाजी शिजवायचं पाणी, सगळ्यात बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. कुशिकात्सूच्या काड्यांना कमळकाकडी आणि कांदा मिळतो, पण तळण एकच. चालेल की नाही ते तू ठरव. दशम्या बरोबर ठेवलेल्या बऱ्या.

आता जिथे तुला न्यायचंच आहे ते सांगते. इथल्या दुकानदारांचा मानाचा देव एबिसू, जानेवारीत त्याच्या देवळात मुंगीला शिरायला जागा नसते. पण धंद्यात खरोखर अडलेले लोक इकोमाच्या डोंगरावर जातात, शोतेनसानकडे. शोतेन म्हणजे आपला गणपती! नाम्बाहून किंतेत्सूच्या गाडीने वीसेक मिनिटांत इकोमा येतं. स्टेशनला लागूनच दोरावर चढणारी केबल कार आहे, १९१८ ची, जपानमधली पहिली. तिचा एक डबा कुत्र्याच्या तोंडाचा, दुसरा मांजराच्या. वर उतरलं की जुन्या खानावळींच्या मधून दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या शेवटी होझानजी. १६७८ मध्ये तांकाई नावाच्या भिक्षूने स्थापन केलेलं देऊळ, मागे थेट काळा उभा कडा.

मूर्ती दिसत नाही, कुंदा. कोणालाच दाखवत नाहीत. दोन गजमुखी देव एकमेकांना मिठी मारून उभे, असं तिचं रूप, आणि ते पडद्याआडच राहतं. मग ओळखायचं कशावरून? जिकडेतिकडे कोरलेल्या दोन खुणांवरून: एक पैशांचा बटवा आणि दोन पायांचा मुळा. देवाला मुळे वाहतात आणि साके वाहतात. दूर्वा नाहीत, आरती नाही, ढोल तर नाहीच. आणि हा गणपती लाडका नाही, कडक आहे. मागाल ते देतो, पण नवस मोडला तर गय करत नाही, अशी समजूत. कोट घातलेले गृहस्थ ब्रीफकेस बाजूला ठेवून इतक्या खालपर्यंत वाकतात की त्यांच्या हिशेबाच्या वह्यांची काळजी वाटावी. मला ते बघताना फार आपलं वाटलं, आणि त्याच वेळी अगदी परकंही.

आणि मोदक? आहे ना. क्योतोला यासाका देवळाजवळ कामेया कियोनागा नावाचं जुनं दुकान आहे. तिथे कांगिदान मिळतं: आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड सारण, त्यात सुगंधी द्रव्यं, वरून बटव्यासारखी मुरड घालून तिळाच्या तेलात तळलेलं. वास उदबत्तीकडे झुकणारा. पहिला घास विचित्र लागतो, दुसरा नाही.

इकोमाहून तीच गाडी पुढे नाराला जाते. तोदाइजीचा पंधरा मीटर उंचीचा बुद्ध सगळेच बघतात, पण त्याचे डोळे कोणी उघडले ते गाइड घाईत सांगत नाहीत. ७५२ साली ते काम केलं बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. हा ७३६ मध्ये जपानला आला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे सगळ्यांनीच रेखले. तो कुंचला अजून शोसोइनच्या भांडारात जपलेला आहे. बाहेरची हरणं बिस्किटासाठी वाकून नमस्कार करतात आणि बिस्किट संपलं की तुझा पदर खातात. पंजाबी ड्रेस घाल.

साकाईला आपण ट्रामने जाऊ. तेन्नोजीहून निघणारी एक डब्याची जुनी हांकाई ट्राम, घरांच्या परसांतून खडखडत जाते. वाटेत सुमियोशीच्या देवळाचा धनुष्यासारखा वाकलेला लाल पूल, तिथे उतरून परत चढायचं. साकाईत राजाचं प्रचंड थडगं आहे, जागतिक वारसा वगैरे, पण जमिनीवरून नुसती झाडी दिसते. आपण जायचं ते सुऱ्यांसाठी. पातं घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, अशी तिथली शतकांची पद्धत आहे. भाजीची सुरी घे, पात्यावर नाव कोरून देतात. विमानात हातातल्या पर्समध्ये ठेवू नकोस म्हणजे झालं.

हिमेजीचा किल्ला खरा, लाकडी, १६०९ चा. जलद लोकलनेही तासाभरात होतो. कोबेला संगमरवरी जैन मंदिर आहे, १९८५ चं. ओकायामाचं कोराकुएन बघ म्हणून पुण्याची नणंद आग्रह करेल, कारण सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान त्यावरूनच केलेलं. बाग सुंदर आहे, १७०० मध्ये पूर्ण झालेली, पण बुलेट ट्रेनचं भाडं देऊन जावं की नाही ते नणंदेशी तुझं किती जमतं त्यावर.

त्यापेक्षा एक रात्र कोयासानला राहू. डोंगरावरच्या देवळातच मुक्काम, जेवण पूर्ण शाकाहारी, आणि तिथे माशाच्या पाण्याची भीती नाही. ओकुनोइनच्या स्मशानात दोन किलोमीटर सूचिपर्णी झाडांखालून चालायचं. थडग्यांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली आहेत. तुझं संस्कृत माझ्यापेक्षा बरं, तू वाचून दाखव.

तेव्हा तिकीट बदलून घे आणि तारीख लवकर कळव. नोव्हेंबरात पानं लाल होतात तेव्हा कोयासानच्या खोल्या भराभर जातात. बॅग अर्धी रिकामी आण, रोख येन आण, नाडीचे बूट आणू नकोस, दिवसातून शंभरदा काढावे लागतात. आणि गोडा मसाला अर्धा किलो. लेक पाव किलो म्हणाली आहे, तू तिचं ऐकू नकोस.

तुझी,
विजू