आंट जेनची वस्त्रं

१८४३ साल सरत असताना जेन मॅनिंग इलिनॉय राज्यातल्या नॉवू गावी पोचली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. कनेटिकटमधल्या विल्टन गावाहून निघताना तिने एक मोठी ट्रंक भरली होती. आत तऱ्हेतऱ्हेचे कपडे होते, बरेचसे नवेकोरे. ट्रंक कालव्यातल्या बोटीने गेली आणि वाटेतच गहाळ झाली. म्हातारपणी जेनने आपली हकिगत सांगून लिहून घेतली, तेव्हा या ट्रंकेचा उल्लेख करायला ती विसरली नाही. परक्या घरी धुणं-इस्त्री करत वाढलेल्या मुलीला स्वतःचे कपडे म्हणजे काय, हे त्या उल्लेखावरून कळतं.

जेन कृष्णवर्णीय होती आणि जन्मापासून स्वतंत्र होती. तिची आई मात्र गुलामीतून सुटलेली. वडील लवकर गेले, आणि जेन लहान वयातच फिच नावाच्या सधन गोऱ्या शेतकऱ्याच्या घरी कामाला राहिली. लग्नाआधीच तिला सिल्व्हेस्टर हा मुलगा झाला. त्याचा बाप कोण, हे तिने उघड केलं नाही. गावच्या चर्चमध्ये ती रीतसर दाखल झाली होती, पण मनाचं समाधान होईना. अशात एक मॉर्मन प्रचारक त्या भागात आला. त्याचं प्रवचन ऐकायला जायचं नाही, अशी पाद्रीबाबांनी ताकीद दिली. जेन गेली, आणि पुढच्याच रविवारी तिने बाप्तिस्मा घेतला.

हा पंथ तेव्हा अगदी कोवळा होता. जोसेफ स्मिथ या तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. देव आजही बोलतो, संदेष्टे फक्त बायबलच्या काळात होऊन गेले असं नाही, हा त्याचा गाभा. पंथाचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, आणि आज त्याचे जगभर पावणेदोन कोटींच्या आसपास सभासद आहेत. त्या काळी मात्र मॉर्मन होणं म्हणजे घरदार सोडून पंथाचं ठाणं असलेल्या नॉवूची वाट धरणं. जेनच्या पाठोपाठ तिच्या आईने आणि भावंडांनीही बाप्तिस्मा घेतला, आणि सारं कुटुंब निघालं.

बफेलोपर्यंत बोटीचा प्रवास झाला. भाडं पुढे ओहायोत द्यायचं ठरलं होतं, पण बोटवाल्यांनी ते बफेलोतच मागितलं आणि मॅनिंग कुटुंबाला पुढे न्यायचं नाकारलं. सोबतची गोरी मॉर्मन मंडळी पुढे गेली. हे लोक काठावर उतरले आणि चालायला लागले. अंतर आठशे मैलांहून जास्त.

बूट झिजले, मग फाटले. पायांना भेगा पडल्या आणि जमिनीवर रक्ताची पावलं उमटायला लागली. तेव्हा सगळे थांबले, त्यांनी प्रार्थना केली आणि पाय बरे झाले, असं जेन सांगते. यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जेनच्या पुढच्या साठ-पासष्ट वर्षांच्या वागण्याचा उलगडा करायचा असेल, तर हा प्रसंग मनात पक्का धरूनच करावा लागतो. तिला देव प्रवचनात भेटला नव्हता, तळपायाशी भेटला होता. पुढे कुणी कितीही मोठ्या अधिकाराने तिला सांगितलं की देवाच्या घरात तुझी जागा इथवरच, तरी ते तिला मनोमन पटणं शक्य नव्हतं.

पिओरियात अधिकाऱ्यांनी त्यांना अडवलं. सुटकेचे कागद दाखवा, नाहीतर तुरुंगात टाकू. आता जेनसारख्या जन्मापासून स्वतंत्र असलेल्यांकडे सुटकेचा कागद कुठून येणार? बऱ्याच वेळाने अधिकाऱ्यांना ते उमगलं. पुढे एक नदी लागली, तिच्यावर पूल नव्हता. गळ्याइतक्या पाण्यातून ते पार झाले. जंगलात झोपावं तर पहाटे अंगावर हिमाचा थर. आणि हे सगळं भजनं गात चाललं होतं, असं ती सांगते. यात आव आणलेला कुठे जाणवत नाही. चालताना गाणं हा श्रम हलके करायचा जुनाच उपाय आहे.

नॉवूत जोसेफ स्मिथच्या दारी त्याची बायको एमा उभी होती. तिने सगळ्यांना आत घेतलं. जोसेफने खोलीत खुर्च्या मांडल्या, या तांड्याची म्होरकी म्हणून जेनला बसवलं आणि प्रवासाची सगळी कथा सांगायला लावली. आठवडाभरात बाकीच्यांची कुठे ना कुठे सोय लागली. जेन मात्र राहिली, आणि रडत बसली. तेव्हा जोसेफने तिला तुझं घर हेच म्हणून सांगितलं आणि एमाला दुकानात जाऊन हिच्यासाठी कपडे आणायला पाठवलं. एमाने कापडाचे तागेच्या तागे आणले. साठ वर्षांनंतरही जेन हे आठवून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी तिने काम मागितलं. धुणं, इस्त्री, स्वयंपाक, झाडलोट सगळं येतं म्हणाली. धुण्याच्या ढिगात तिच्या हाताला अशी काही वस्त्रं लागली, जी तिने कधी पाहिली नव्हती. ती जोसेफची मंदिरातली वस्त्रं होती.

इथे जरा थांबायला हवं, कारण जेनच्या उरलेल्या आयुष्याची गाठ या ढिगात आहे. मॉर्मन लोक रविवारी प्रार्थनेला जातात ते चर्च वेगळं आणि मंदिर वेगळं. मंदिरात ‘एन्डोवमेंट’ नावाचा विधी होतो. माणूस तिथे देवाशी करार करतो, त्याला नवं नाव मिळतं आणि तो विशिष्ट वस्त्रं परिधान करतो. ‘सीलिंग’ या विधीने नवरा-बायको आणि आईबाप-मुलं मरणापलीकडेही एकमेकांशी बांधली जातात. मॉर्मन श्रद्धेत सर्वोच्च स्वर्ग एकट्यादुकट्याचा नाही, कुटुंबाचा आहे, म्हणून या विधींवाचून तिथवर पोचता येत नाही. एन्डोवमेंट झालेल्या माणसाला पुरतानाही तीच वस्त्रं घालतात. १८४३ साली नॉवूचं मंदिर बांधून व्हायचं होतं आणि हा विधी जोसेफच्या जवळच्या मोजक्या माणसांनाच ठाऊक होता. जेनला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ओल्या हातांनी ती वस्त्रं धरून ती विचार करत राहिली, आणि पवित्र आत्म्याने आपल्याला त्यांचा अर्थ कळवला, असं ती म्हणते: ही त्या नव्या नावाशी निगडित आहेत.

म्हणजे ज्या वस्त्रांचा अर्थ गावातल्या बहुतेकांना माहीत नव्हता, तो मोलकरणीला धुणं धुताना कळला. जेनने या आठवणीच्या जोरावर कधी दावा सांगितला नाही. तिने फक्त ती जपली, आणि आपल्या हकिगतीत नीट लिहवून घेतली.

त्याच घरात आणखी एक गोष्ट घडली. एमाने तिला विचारलं, तुला आमच्या कुटुंबात लेक म्हणून दत्तक यायचंय का? जेन काही बोलली नाही. दोनेक आठवड्यांनी एमाने पुन्हा विचारलं, तेव्हा ती नको म्हणाली. दत्तक जाण्याचा मंदिरातला अर्थ तिला तेव्हा उमगलाच नव्हता. जून १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफचा खून केला, आणि विचारणारं घरच मोडलं.

जेनने आयझॅक जेम्स या मॉर्मनशी लग्न केलं, आणि जोसेफनंतर पंथाचा नेता झालेल्या ब्रिगम यंगच्या मागोमाग पश्चिमेकडे निघालेल्या लोकांत ती दोघं सामील झाली. वाटेत, आयोवात, मुलगा झाला. सप्टेंबर १८४७ मध्ये हे कुटुंब सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचलं. पहिली वर्षं उपासमारीची होती. एलायझा पार्ट्रिज लायमन या बाईने एप्रिल १८४९ मध्ये आपल्या रोजनिशीत नोंद केली आहे की जेन जेम्सने तिला सुमारे दोन पौंड पीठ दिलं, आणि ते जेनजवळ होतं त्याच्या जवळजवळ निम्मं होतं. ही एलायझा नॉवूत जोसेफच्याच घरी राहायची, त्याच्या अनेक बायकांपैकी एक. जेन तिथे धुणं धुवायची. पाच-सहा वर्षांनी पिठाच्या डब्यापाशी दोघी एका पातळीवर आल्या होत्या, आणि देणारा हात जेनचा होता.

मॉर्मन धैर्याच्या गोष्टी बहुधा प्रवासाच्या असतात. १८५६ साली हातगाड्या ओढत निघालेल्या विली आणि मार्टिन यांच्या तांड्यांतली दोनशेहून अधिक माणसं वायोमिंगच्या बर्फात आणि वाटेवर मेली. त्यांची आठवण आजही मोठ्या आस्थेने जागवली जाते, आणि ती जागवायलाच हवी. पण प्रवासाला शेवट असतो. जेनचा कठीण काळ मुक्कामी पोचल्यावर सुरू झाला.

१८५२ साली ब्रिगम यंगने जाहीर केलं की आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना याजकपद मिळणार नाही. त्याआधी, १८३६ मध्ये, एलायजा एबल या कृष्णवर्णीय माणसाला ते रीतसर दिलेलं होतं. पुढे याच नियमाने कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना मंदिरातल्या एन्डोवमेंट आणि सीलिंगलाही मज्जाव झाला. त्याच १८५२ साली ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला होता, पुढे पुण्यातही त्याने काम केलं. सात समुद्रांपलीकडच्या लोकांना हाक घालणाऱ्या पंथाने घरातल्याच काही माणसांना आतल्या दालनाबाहेर उभं केलं. याचं समर्थन करण्यासाठी बायबलमधल्या काईनाच्या शापाचा आधार घेतला गेला. तो अन्याय होता, आणि तो देवाच्या नावाने झाला म्हणून अधिकच बोचतो.

जेन तिथेच राहिली. आयझॅक तिला सोडून गेला, आणि वीसेक वर्षांनी मरायला परत आला. त्याची अंत्ययात्रा तिच्याच घरून निघाली. दोन मुलं सोडून बाकी सगळी तिच्या डोळ्यांदेखत गेली. बायकांच्या मदतसंस्थेत ती नेमाने जायची, आणि सेंट जॉर्ज, लोगन, मँटाय इथल्या मंदिरांच्या बांधकामाला आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून तिने पैसे दिले. मृतांच्या वतीने बाप्तिस्मा घेण्याची मुभा तिला होती, आणि आपल्या गेलेल्या माणसांसाठी तिने तो घेतलाही. उंबऱ्यापर्यंत येऊ द्यायचं आणि तिथे थांबवायचं, असा तो प्रकार होता.

मग तिने मागायला सुरुवात केली. डिसेंबर १८८४ मध्ये तिने चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन टेलर यांना पत्र पाठवलं. माझा वंश कोणता, हे मला माहीत आहे, पण पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील असं देवाने अब्राहामाला सांगितलं होतं, मग माझ्यासाठी त्यात काहीच नाही का, असा त्या पत्राचा रोख होता. हा युक्तिवाद साधा दिसतो, पण त्याला उत्तर नव्हतं. ती दयेची याचना करत नव्हती, देवाच्या शब्दाची आठवण करून देत होती. १८९० मध्ये तिने जोसेफ एफ. स्मिथ या ज्येष्ठ नेत्याला लिहिलं, तेव्हा एमाने नॉवूत विचारलेलं दत्तकविधानही पुढे ठेवलं. तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं, ते आता करा.

अखेर १८ मे १८९४ रोजी सॉल्ट लेकच्या नव्या मंदिरात एक विधी झाला. जेनला जोसेफ स्मिथच्या घराण्याशी अनंतकाळासाठी जोडण्यात आलं, पण लेक म्हणून नव्हे, सेवक म्हणून. जोसेफ तर मृत होता, त्याच्या जागी त्याचा पुतण्या जोसेफ एफ. स्मिथ उभा राहिला. जेन हयात होती, त्याच शहरात राहत होती, तरी तिच्या जागीही दुसरीच बाई उभी केली गेली, बॅथशेबा स्मिथ. स्वतःसाठी खास रचलेल्या विधीलाही जेनला आत प्रवेश नव्हता.

या विधीने तिचं तोंड बंद झालं असतं, तर तिची गणना निष्ठावंत नोकरांत करून मोकळं होता आलं असतं. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष विलफर्ड वुड्रफ यांच्या रोजनिशीत नोंद सापडते: जेन एन्डोवमेंट मागायला आली होती, आणि त्यांनी नकार दिला. त्यानंतरही ती मागतच राहिली. तिच्या पत्रांचा सूर नम्र असतो, शेवटी तुमची धर्मभगिनी अशा अर्थाची सही असते, आणि मागणी पहिलीच असते. तिने चर्च का सोडलं नाही, असं आज पुष्कळजण विचारतात. विचारणाऱ्यांचा राग रास्त आहे. पण सोडून जाण्यात नियम करणाऱ्यांचंच म्हणणं खरं ठरलं असतं, की हे घर तिचं नव्हतंच. तिने ते घर आठशे मैल चालून मिळवलं होतं, आणि तिच्यापुढे बसलेल्या अध्यक्षांइतकीच तीही जोसेफच्या काळाची साक्षीदार होती.

उतारवयात सगळं सॉल्ट लेक तिला ‘आंट जेन’ म्हणे. टॅबरनॅकल या चर्चच्या सभागृहात तिची आणि तिचा भाऊ आयझॅक मॅनिंग याची पुढची जागा राखून ठेवलेली असे. दृष्टी गेली होती. १६ एप्रिल १९०८ रोजी ती वारली. अंत्यविधीला जोसेफ एफ. स्मिथ बोलला, तो तेव्हा चर्चचा अध्यक्ष झाला होता. तिने सांगून लिहवलेली हकिगतही तिथे वाचली गेली. म्हणजे विल्टन, ट्रंक, रक्ताळलेले पाय आणि नॉवूतल्या धुण्यातली ती वस्त्रं, सगळं नकार देणाऱ्यांच्या कानांवर तिच्याच शब्दांत पडलं.

बंदी आणखी सत्तर वर्षं टिकली. ८ जून १९७८ या तारखेच्या पत्राने अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी ती उठवली. पुढच्याच वर्षी जेनच्या नावाने मंदिरात एन्डोवमेंट झालं. मृतांसाठीचे सगळेच विधी होतात तसं, याही वेळी ती वस्त्रं तिच्या वतीने दुसऱ्याच बाईने घातली. १९९९ साली तिच्या थडग्यापाशी स्मारक उभं राहिलं, २०१८ साली तिच्यावर आणि एमावर चित्रपट आला. २०१३ मध्ये चर्चने वंश आणि याजकपद या विषयावर अधिकृत निबंध प्रसिद्ध केला आणि शापाच्या जुन्या उपपत्ती नाकारल्या. त्यात एलायजा एबलच्या जोडीने जेनचंही नाव आहे. तिने मंदिरप्रवेश मागितला होता, पण मृतांसाठीच्या बाप्तिस्म्यापलीकडचे विधी तिला करू दिले गेले नाहीत, हे तिथे स्पष्ट शब्दांत नमूद केलं आहे.