उंदराला पित्ताशय नसतं

दहावीनंतर आपला आणि जीवशास्त्राचा संबंध संपला, असं मी छातीठोकपणे सांगायचो. पण हल्ली ऑफिसात माझ्या वाट्याला जे मोड्यूल आलंय त्यात चक्क एक पांढरा उंदीर आहे. कॉलेजांसाठीचं विच्छेदनाचं सॉफ्टवेअर! यूजीसीने 2014 साली प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलमधलं विच्छेदन थांबवायला सांगितलं, त्या जागी हे.

ताई बीएस्सी झूलॉजी, त्याआधीच्या बॅचची. परवा तिला डेमो दाखवला. एक क्लिक, कातडी गायब. दुसरी क्लिक, यकृत. रंग काय, लेबलं काय!

"छान आहे रे. पण आत असं दिसत नाही काही."

म्हणजे? तर शिरा निळ्या नि धमन्या लाल हे फक्त पुस्तकात. मेणाच्या ट्रेमध्ये सगळं गुलाबी-तपकिरी, ओलं, पातळ पडद्यांनी एकमेकांना चिकटलेलं. कात्रीचं टोक वर उचलून धरायचं, नाहीतर खालचं आतडं फाटलंच म्हणून समजा. पित्ताशय शोधत बसायचं नाही, कारण उंदराला ते नसतंच. (गंमत म्हणजे, इंग्रजीत ज्याला माऊस म्हणतात त्या पिटुकल्याला असतं. रॅटला नाही.) उजव्या फुप्फुसाचे चार भाग, डाव्याचा एकच.

आणि डायफ्रॅम. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, सस्तन प्राण्यांची खास खूण. इतका पातळ की पलीकडची फुप्फुसं त्यातून दिसतात. त्याला बारीक चीर पडली की हवा आत शिरते आणि फुप्फुसं डोळ्यांदेखत आक्रसून मागे जातात. फुप्फुसं स्वतः हवा ओढत नाहीत, पडदा खाली सरकतो, छातीतली जागा वाढते म्हणून हवा आत येते, हे तिला तेव्हा कळलं. पाठ तर आधीपासूनच होतं.

आमच्या डेमोत पडद्यावर क्लिक केलं की तो 'हाइड' होतो. फुप्फुसं टम्म ती टम्मच!

"मग विच्छेदन परत सुरू करायला हवं का?" मी विचारलं.

"छे! बंद झालं तेच बरं." ती जरा थांबली. "माझ्या उंदरिणीच्या पोटात पिल्लं निघाली होती. गर्भाशयाला दोन शिंगं असतात ना, त्यात शेंगेतल्या दाण्यांसारखी ओळीने. सगळ्या वर्गाने येऊन बघितली. मी आकृती काढली, लेबलं दिली, मार्कही चांगले पडले."

यावर काय बोलणार? मी लॅपटॉप मिटला.

सोमवारी डायफ्रॅमचं तिकीट टाकलं. मॅनेजरने प्रायॉरिटी 'लो' केलीय. त्याच्याशी भांडायचंय अजून.