कात्रजचा घाट आणि ट्रकची नोकरी

एखाद्याने गोड बोलून हूल दिली, की आपण म्हणतो, "त्यानं कात्रजचा घाट दाखवला." साल १६६३. लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज सिंहगडाकडे निघाले. पाठलागावर आलेल्या मोगलांना चकवण्यासाठी मावळ्यांनी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पेटवले आणि मोगल त्या उजेडामागे धावत सुटले, अशी कथा आहे. म्हण तिथूनच आली असे सांगतात. म्हण आपल्या तोंडी रोजची. पण घाट नीट उतरून पाहिलेली माणसे थोडी.

गेल्या महिन्यात मी पुतण्याला घेऊन हा घाट मुद्दाम पाहून आलो. त्याला एका ट्रक कंपनीत ड्रायव्हरची जागा चालून आली होती. पोरगा चोवीस वर्षांचा, ट्रॅक्टरवर हात बसलेला, अवजड वाहनाचे लायसन नुकतेच हातात आलेले. घरी सोसायटीचे कर्ज थकलेले आणि विहिरीने मार्गशीर्षातच तळ दाखवलेला. कंपनीचा माणूस म्हणाला, "उचल घे आणि सोमवारपासून गाडीवर ये." उचलीचा आकडा असा, की सोसायटी एका दिवसात मोकळी व्हावी. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. भाऊ मात्र मला म्हणाला, "तू सात वर्षं गाडीवर होतास. तू बघून सांग."

म्हणून भल्या पहाटे त्याच्या मोटारसायकलवर निघालो. साताऱ्याकडून येताना शिंदेवाडीपाशी रस्त्याला दोन वाटा फुटतात. अवजड गाड्या नव्या बोगद्याकडे जातात. आम्ही जुन्या घाटाने चढलो. वळणावळणाचा रस्ता, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. माथ्यावरचा जुना बोगदा ओलांडला, की खाली पुणे पसरलेले दिसते. पायथ्याला कात्रजचा तलाव. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास तो बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी त्याचे पाणी शहरातल्या हौदांना आणि शनिवारवाड्याला नेले. पलीकडे प्राणिसंग्रहालय, ते १९९९ पासूनचे. आणि आपल्या माणसांच्या ओळखीची कात्रज डेअरी, म्हणजे पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ. आपल्या गोठ्यातले दूध जिथे जाते ते गाव हे.

बोगद्याच्या तोंडाशी गाडी थांबवून मी पोराला एक गोष्ट सांगितली. ती आजवर घरी कोणाला सांगितली नव्हती.

तेव्हा सगळी वाहतूक याच घाटाने चाले. मी ज्या मालकाकडे होतो, तो प्रत्येक खेपेला मोजून डिझेल देई. उरले तर ड्रायव्हरचे, कमी पडले तर पगारातून कापायचे. मग आम्ही काय करायचो? बोगदा ओलांडला, की गाडी न्यूट्रलला टाकून सोडून द्यायची. इंजिनला डिझेल फारसे लागत नाही, गाडी आपल्या वजनाने धावते. एका रात्री कांद्याची भरलेली गाडी अशीच सोडली. तिसऱ्या वळणावर ब्रेकमधून जळका वास आला. पाय दाबतोय, गाडी ऐकत नाही. खाली कात्रजच्या वस्तीत दुधाच्या किटल्या लावलेले दोन सायकलवाले रस्त्याच्या कडेने चालले होते. कशीबशी गाडी गिअरमध्ये पडली आणि डोंगराच्या अंगाला घासून उभी राहिली. ते दोघे मागे न बघता निघून गेले. त्यांना काही कळलेही नाही. मी मात्र पहाटेपर्यंत स्टेअरिंगवर डोके ठेवून बसलो होतो. वाचवलेले डिझेल असेल दोन-तीन लिटर.

वाचकहो, उसाची भरलेली ट्रॉली उतारावर न्यूट्रलला सोडू नये, हे तुमच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. गाडी गिअरमध्ये असली, की इंजिन तिला मागे धरून ठेवते. न्यूट्रलला टाकली, की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापले की धरत नाहीत. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. कोणी इंजिनच बंद केले तर हवा भरणारे यंत्रही थांबते, आणि पुन्हा पुन्हा ब्रेक दाबले की हवा उतरते. स्टेअरिंगही जड होते.

जुना घाट उतरून आम्ही पश्चिमेकडे बाह्यवळण रस्त्यावर गेलो. नव्या बोगद्यातून बाहेर पडलेली वाहने जांभूळवाडी, नऱ्हे करत नवले पुलाकडे उतरतात. रस्ता रुंद आहे, म्हणून उतार डोळ्यांना जाणवत नाही. तोच त्याचा धोका. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका ट्रकने वीसहून जास्त वाहनांना धडक दिली. डिझेल वाचवण्यासाठी ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा याच पुलाजवळ एक मोटार दोन अवजड गाड्यांमध्ये सापडून पेटली. आतली माणसे वाचली नाहीत. आता रस्त्यावर वेगाच्या पाट्या आहेत, कॅमेरे आहेत, गतिरोधक पट्टे आहेत. पण डिझेलचा हिशोब ज्या खोलीत ठरतो, तिथे कॅमेरा नाही.

एका चहाच्या टपरीवर दोन ड्रायव्हर भेटले. पहिला पन्नाशीचा. म्हणाला, "पावणं, आमच्याकडे महिना बांधलाय. डिझेल गाडीच्या चालीवर मोजतात, उरलं-कमी पडलं ते कंपनीचं. पगार बेताचा, पण पंधरा दिवसांनी घरी जातो." दुसरा तरुण, डोळे लाल. त्याचे खेपेवर पैसे. माल उतरवायला दोन दिवस गोदामाबाहेर उभा राहिला, तर त्या दोन दिवसांचे काही नाही. मग तो वेळ भरून काढायला रात्र जागायची. त्याला मी झोपेचे विचारले, तर तो हसला आणि चहाचा ग्लास ठेवून उठला.

ही तक्रार आपल्याकडचीच आहे असे समजू नका. अमेरिकेतही पुष्कळ ड्रायव्हरांना मैलावर पैसे मिळतात आणि उभ्या गाडीचे हाल तेच असतात. मात्र तिथे मालट्रकचा ड्रायव्हर एका पाळीत ११ तासांच्या वर गाडी हाकू शकत नाही, आणि गाडीतले यंत्रच त्याची नोंद ठेवते. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असे घालून दिले होते. कामगार कायद्यांची आता फेरमांडणी झाली, पण माणसाची झोप काही बदललेली नाही. करायचे म्हटले तर उपायही निघतो. २०१४ साली निघालेल्या रिव्हिगो नावाच्या कंपनीने टप्प्याटप्प्यावर ड्रायव्हर बदलण्याची रीत आणली. पूर्वी टपालाचे घोडे बदलत तसे. गाडी पुढे जाते, ड्रायव्हर दुसरी गाडी घेऊन घराकडे परततो.

मग आम्ही कंपनीच्या कचेरीत गेलो. वाटेत पोराने प्रश्न पाठ केले होते. तुमच्या घरातला कोणी निघाला, तर हेच प्रश्न त्याच्या खिशात घाला. पगार महिन्याचा की खेपेचा, आणि उभ्या दिवसांचा भत्ता किती? डिझेल कमी पडले तर कोण भरणार? पोचायची वेळ ठरवताना झोपेचे तास धरले आहेत का? गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हर धरला आहे का, आणि अपघात झाला तर वकील कोण देणार? मूळ लायसन ठेवून घेणार का? उचल फिटेपर्यंत नोकरी सोडता येईल का?

मॅनेजर भला माणूस दिसला. चहा मागवला. पहिल्या दोन प्रश्नांना हसून उत्तरे दिली. डिझेलचे विचारल्यावर म्हणाला, "हुशार ड्रायव्हरचं उरतंच, काका." लायसनचे विचारल्यावर म्हणाला, "उचल फिटेपर्यंत आमच्याकडं राहील. सगळ्यांचंच राहतं."

पोराने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही, कारण नोकरी त्याला करायची होती आणि कर्जही त्याच्याच घरचे होते. तो थोडा वेळ चहाच्या कपाकडे बघत बसला. मग म्हणाला, "साहेब, डिझेल तुमचं आणि लायसन माझं, असं जमत असेल तर सोमवारी येतो." मॅनेजर म्हणाला, एकासाठी नियम बदलता येत नाही.

परतताना घाटात तो एक शब्द बोलला नाही. बोगद्यापाशी आल्यावर एवढेच म्हणाला, "काका, आईला तुम्ही सांगा."

आता तो आमच्या भागातले दूध शीतकरण केंद्रापर्यंत नेणारी गाडी चालवतो. पहाटे चारला उठतो, दुपारी घरी जेवतो, संध्याकाळी पुन्हा खेप. पैसे कमी आहेत, खोटे कशाला सांगू? सोसायटीचे कर्ज या हंगामात फिटायचे नाही. वहिनी अजून माझ्याशी पहिल्यासारख्या बोलत नाहीत, आणि त्यांचेही चुकत नाही. व्याज त्यांच्या दारात उभे आहे.

सगळ्या कंपन्या वाईट असतात, असे माझे म्हणणे नाही. टपरीवरचा तो पन्नाशीचा गृहस्थ कंपनीतच होता आणि सुखात होता. पोराला तशी जागा मिळाली, तर मीच त्याला पोचवायला जाईन. माझे सांगणे एवढेच, की कंपनी पारखायची तर उचलीचा आकडा बघू नका. तिचा ड्रायव्हर उतार कसा उतरतो ते बघा. तो गाडी गिअरमध्ये ठेवून सावकाश उतरत असेल, तर मालकाने त्याच्या डिझेलची आणि झोपेची सोय केली आहे असे समजा. न्यूट्रलला सोडून देत असेल, तर त्याला तसे करायला कोणी भाग पाडले, ते आधी विचारा.

पुण्याला याल तेव्हा पोरांना प्राणिसंग्रहालय जरूर दाखवा. पण घरात लायसन काढलेला मुलगा असेल, तर त्याला तासभर या उतारापाशी, रस्त्यापासून लांब उभा करा. येणाऱ्या गाड्या बघू द्या. आणि मग उचलीचा कागद पुढे ठेवा.