अडलेला आस

कोकणचा पाऊस डोळ्यांना सुखावतो. लोखंडाला मात्र तो मानवत नाही. त्यातून गाव समुद्रकाठचे असले, की खिडकीच्या गजांपासून विहिरीच्या रहाटापर्यंत सर्वत्र गंज आपला अंमल बसवतो. पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे लोखंड गंजते. खाऱ्या वाऱ्यातील मीठ त्या क्रियेला वेग देते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणूनच एकमेकांत बसवलेले दोन भाग गंजले, म्हणजे ते जणू एकजीव होऊन बसतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील अशाच एका गावी एका आजोबांची जुनी मारुती ८०० मोटार होती. १९८३ साली निघालेल्या या लहानशा मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. आजोबांची मोटार मात्र इमानाने धावत होती. एके दिवशी तिच्या पुढच्या चाकातून घरघर ऐकू येऊ लागली. चाकातील बेअरिंग झिजले, हे आजोबांनी ओळखले. सोमवारी आजीला डोळ्यांच्या तपासणीसाठी शहरात न्यायचे होते. मध्ये शनिवार आणि रविवार एवढेच दिवस होते. आजोबांचे आयुष्य मोटारी दुरुस्त करण्यात गेले होते. मदतीला सातवीतला नातू उभा राहिला.

या मोटारीत इंजिनाची गती पुढच्या चाकांना मिळते. ती पोचवणाऱ्या ॲक्सलच्या, म्हणजे आसाच्या, टोकाला दाते असतात. ते चाकामागच्या हबमध्ये घट्ट बसतात आणि बाहेरून एक मोठा नट त्यांना धरून ठेवतो. बेअरिंग बदलायचे, तर हब आसावरून उतरलाच पाहिजे. पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून आजोबांनी नट सैल केला. मग जॅक लावला, मोटारीखाली भक्कम आधार दिले आणि चाक काढले. नट निघाला; पण आस जागचा हलेना.

"आजोबा, थोडी आग दाखवली तर? तापल्यावर लोखंड फुगते ना?"

"फुगते खरे. पण आत वंगण आहे, रबर आहे. ते जळून जाईल. आता तेल सोडू आणि रात्रभर मुरू देऊ."

दुपारी आजोबा जरा आडवे झाले. नातवाला धीर धरवेना. त्याने मोठा हातोडा उचलला आणि आसाच्या उघड्या टोकावर दोन घाव घातले. आस तसूभरही सरकला नाही. टोकाचे आटे मात्र चेपले. नट लावून पाहिला, तो बसेना. नट बसला नाही, तर सोमवारी मोटार निघणार कशी? मुलाच्या छातीत धस्स झाले. गंजाकडे बोट दाखवून गप्प राहणे सोपे होते. पण आजोबा उठताच त्याने सारे सांगून टाकले.

आजोबा क्षणभर बोलले नाहीत. मग त्यांनी तीनधारी कानस त्याच्या हाती दिली. "चूक तुझी, दुरुस्तीही तूच कर. एकेक आटा मोकळा कर." दिवे लागेपर्यंत मुलगा कानस चालवत होता. अखेर नट सुरळीत फिरला.

रविवारी सकाळी आजोबांनी नट आसाच्या टोकाशी सपाट येईल इतकाच चढवला. "आता ठोकले तरी आट्यांना धक्का लागणार नाही," ते म्हणाले. मग पुलरच्या नख्या हबला अडकवल्या आणि मधला बोल्ट आवळला. थोडा ताण द्यायचा, बोल्टच्या माथ्यावर हलका ठोका मारायचा, तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि थांबायचे. असे किती वेळा झाले, याची मोजदाद राहिली नाही. दुपारी अचानक 'कट्' असा आवाज झाला. काहीतरी मोडले, असे वाटून मुलगा दचकला. आजोबा हसले. हब केसभर सरकला होता!

पुढचे काम सोपे होते. मुलाने तारेच्या ब्रशाने दाते घासून लख्ख केले आणि ते पुन्हा गंजून धरू नयेत म्हणून वंगणाचा पातळ हात दिला. संध्याकाळी नवे बेअरिंग बसले.

सोमवारी वाटेत आजी म्हणाली, "आज मोटार अगदी शहाण्यासारखी चालते आहे!" आजोबांनी समोरच्या आरशातून नातवाकडे पाहिले. त्याच्या नखांत गंजाचा तांबूस रंग अजून होता. घाव घालायला बळ पुरते. तो कोठे, केव्हा आणि किती हलका घालावा, हे कळायला मात्र धीर लागतो, हे तो आता जाणून होता.