भरवशाचा जमाखर्च

लेखापरीक्षणात उमेदीची सारी वर्षे गेल्यामुळे प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च मांडण्याची खोड आम्हांस जडली आहे. चेन्नईस बदली होऊन अण्णा नगरात बिऱ्हाड केले, तेव्हा ही खोड प्रार्थनेपर्यंत जाऊन पोहोचेल, असे मात्र वाटले नव्हते.

येथे आल्यावर पहिल्याच वर्षी आमच्या पत्नीची मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे कळले. आम्ही पिढीजात ख्रिस्ती. गुडघे टेकून प्रार्थना केली. औषधे वाढली. पुन्हा प्रार्थना केली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. महाराष्ट्रात परत बदली मिळावी म्हणून अर्ज केला, तो नामंजूर झाला. मागावे एक आणि पदरात पडावे दुसरेच! ‘प्रभो, नोंद कोठेतरी चुकते आहे,’ असे आम्ही मनातल्या मनात बजावीत असू.

४ डिसेंबर २०२३ रोजी मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस शहरावर कोसळला. वीज गेली, गल्लीत गुडघाभर पाणी साचले आणि डायलिसिसचा दिवस चुकला. रात्री मेणबत्तीच्या उजेडात बसलो असता आम्ही त्राग्याने म्हणालो, “आता आणखी काय व्हायचे राहिले आहे?” पत्नीस धाप लागली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “अहो, पंडिता रमाबाईंचे आईवडील याच इलाख्यात वारले ना?”

तिचे म्हणणे खरे होते. अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत सहकुटुंब तीर्थाटन करीत. १८७४ साली मद्रास इलाख्यात त्या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली आणि थोड्याच महिन्यांत वडील, आई व थोरली बहीण ही तिघेही गेली. मरणापूर्वी अनंतशास्त्र्यांनी सोळा वर्षांच्या रमेस जवळ घेऊन, आपण तिला देवाच्या हाती दिले आहे, असे सांगितले. त्या वेळी त्या वृद्ध वैदिकाजवळ द्यायला दुसरे काहीच उरले नव्हते, आणि मोबदल्यात काही मिळण्याची आशाही नव्हती.

पुढे १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. १८८३ साली रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आता दुःखे संपली असतील, असे आमच्यासारख्यास वाटावे. पण तसे झाले नाही. स्वकीयांचा रोष वाट्यास आला, श्रवणशक्ती मंदावली आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. केडगावच्या मुक्तिसदनात निराधार स्त्रिया व मुले सांभाळीत, मूळ भाषांवरून मराठी बायबलचे भाषांतर करीत त्या राहिल्या, आणि एप्रिल १९२२ मध्ये निवर्तल्या. आमच्या पद्धतीने त्यांचे खाते तपासले, तर बाकी कधीच जुळणार नाही. वडिलांनी ज्याच्या हाती दिले, त्याची ओळख त्यांना पुढे ख्रिस्ताच्या ठायी पटली. परंतु ते देणे तेच राहिले.

सकाळी दारावर थाप पडली. शेजारच्या तमिळ मामी रसमभाताचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांचा नातू काठीने खळगे चाचपीत पुढे, पत्नीचा हात धरून आम्ही मागे, असे करीत मोठा रस्ता गाठला. तेथून एका दुधाच्या गाडीने आम्हांस रुग्णालयात पोहोचविले. यास आम्ही चमत्कार म्हणत नाही. चुकलेल्या दिवसाचा ताण तिच्या हृदयावर पडला तो पडलाच, आणि डॉक्टरांचा चेहरा हल्ली पूर्वीहून गंभीर असतो.

तथापि त्या रात्रीपासून आमची प्रार्थना लहान झाली आहे. डायलिसिसच्या दिवशी पहाटे पत्नी वेणी घालते आणि आम्ही तिची पिशवी भरतो. दार ओढून घेण्यापूर्वी दोघे क्षणभर उभे राहतो. ‘ही तुझी आहे,’ एवढेच आम्ही म्हणतो. आमच्याविषयी ती काय म्हणते, ते आम्ही अद्याप विचारलेले नाही.