खोक्यावर २५,००० तास, घरात किती?

एलईडी बल्बच्या खोक्यावर बऱ्याचदा २५,००० तास आयुष्य लिहिलेलं असतं. रोज पाच तास लावला तर हे झाले साडेतेरा वर्षं! आता सांगा मंडळी, तुमच्या घरातला कुठला बल्ब तेरा वर्षं टिकलाय?

लगेच "जुना पिवळा बल्बच बरा" असंही म्हणू नका. तो जेमतेम १,००० तास चालायचा आणि वीज खायचा ती वेगळीच. ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास म्हणजे वर्षाला ११० युनिट. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी घेतो १६ युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला साडेसातशे रुपये वाचतात. म्हणजे दरवर्षी नवा घ्यावा लागला तरी एलईडीच परवडतो.

पण १६ युनिटचे होतात १३० रुपये. शंभरचा बल्ब वर्षभरात गेला, तर जेवढी वीज जाळली जवळपास तेवढाच खर्च बल्बचा झाला. हा खर्च लाईट बिलात दिसत नाही, म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नाही.

बल्ब मरतो का? खोक्यावरचे तास असतात ते मुख्यतः आतल्या उजेड देणाऱ्या चिपचे. ती सहसा जात नाही. जातं ते तिच्यामागचं सर्किट, त्यातही कपॅसिटर. त्याला उष्णता सोसत नाही. बंद काचेच्या गोळ्यात किंवा गॅसच्या अगदी वर लावलेला बल्ब लवकर जातो तो यामुळेच. दुसरं कारण व्होल्टेज. गावाकडे शेतीपंप बंद झाले की व्होल्टेज चढतं. न्यूट्रल ढिला असेल तर एकाच घरातले बल्ब भराभर उडतात. अशा वेळी नवे बल्ब आणत बसू नका, आधी वायरमनला बोलवा. दोष खांबावरचा असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या.

उजाला योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. गरिबाच्या घरात एलईडी पोचला तो या स्वस्ताईमुळे, हे कबूल केलंच पाहिजे. पण भाव पाडायच्या शर्यतीत काटछाट होते ती सर्किटमध्येच, कारण गिऱ्हाइकाला ते दिसत नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. बल्ब लावताना बुडाशी मार्करने तारीख लिहा. बिल मागून घ्या आणि जपून ठेवा, कारण वॉरंटी बिलावरच मिळते. आणि खोक्यावर बीआयएसचं चिन्ह व 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा; तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. वॉरंटीत असूनही दुकानदार बदलून देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

शंभर रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असं वाटतं ना? बनवणाराही तेच धरून चालतो. पण ज्या घरात एकाच बल्बखाली स्वयंपाक आणि पोरांचा अभ्यास दोन्ही चालतात, तिथे शंभर रुपये ही छोटी रक्कम नसते.